हृदयविकाराचा झटका : वेळीच उपचारांचे महत्त्व

हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत अडथळा निर्माण होऊन त्या स्नायूचा काही भाग मृत होणे. वैद्यकीय परिभाषेत यास हृद्‌स्नायू अभिकोथ असे म्हणतात. बहुतेक वेळा हा अडथळा रक्ताच्या गुठळीमुळे येतो. गुठळी औषधाने विरघळवता येते किंवा फुग्याच्या साहाय्याने बाजूला सारून रोहिणी मोकळी करता येते. मात्र रोहिणी मोकळी होईपर्यंत जो स्नायू मृत झाला, तो पुन्हा निर्माण होत नाही. त्यामुळे या विकारात कोणता उपचार मिळाला याइतकेच, किंबहुना काही वेळा त्याहून अधिक महत्त्व तो किती लवकर मिळाला याला असते. प्रस्तुत लेखात मुख्यतः रोहिणी पूर्णपणे बंद झाल्याने येणाऱ्या झटक्याचा विचार केला आहे. ईसीजी या विद्युत आलेखात एसटी नावाचा खंड उंचावलेला दिसतो, म्हणून डॉक्टर त्याला ‘स्टेमी’ या लघुनामाने ओळखतात.

स्नायूचा ऱ्हास कसा होतो

हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि त्याला लागणारा प्राणवायू महारोहिणीच्या मुळाशी उगम पावणाऱ्या उजव्या व डाव्या हृद्‌रोहिणींमार्फत मिळतो. शरीरातील इतर बहुतेक स्नायू विश्रांतीच्या काळात रक्तातील प्राणवायूचा थोडाच भाग वापरतात. हृदय मात्र विश्रांतीतही त्यातील बराचसा भाग शोषून घेते. रक्तपुरवठा थांबला की त्याच्यापाशी शिल्लक अशी फारशी नसते.

या रोहिणींच्या आतील अस्तराखाली वर्षानुवर्षे मेदाचे थर साठत जातात. झटका येतो तो बहुधा असा एखादा थर अचानक फुटल्यामुळे. फुटलेल्या जागी रक्तबिंबिका जमा होतात, तिथे गुठळी तयार होते आणि काही मिनिटांत रोहिणी बंद पडू शकते. फुटणारा थर मोठाच असतो असे नाही. ज्या थराने रोहिणी अर्धीसुद्धा अरुंद झालेली नव्हती, तोही फुटू शकतो. काही महिन्यांपूर्वी केलेली तपासणी निर्दोष आलेल्या व्यक्तीलाही झटका येऊ शकतो, तो यामुळेच. आणि ‘मागच्याच महिन्यात सगळे रिपोर्ट चांगले होते’ या आधारावर छातीतील दुखणे अंगावर काढणे धोक्याचे ठरते.

रोहिणी बंद झाल्यावर सुमारे वीस मिनिटांनी पेशींना कायमची इजा होऊ लागते. हा ऱ्हास सर्व भागांत एकदम होत नाही. तो हृदयाच्या भिंतीच्या सर्वांत आतल्या थरापासून सुरू होतो आणि लाटेसारखा बाहेरच्या थराकडे सरकतो. केथ रायमर आणि रॉबर्ट जेनिंग्ज या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट झाले. रोहिणी चाळीस मिनिटे बंद ठेवून पुन्हा मोकळी केली तेव्हा धोक्यातील स्नायूपैकी सुमारे ३८ टक्के मृत झालेला आढळला. तीन तासांनी मोकळी केली तेव्हा ५७ टक्के, सहा तासांनी ७१ टक्के, आणि मोकळी केलीच नाही तेव्हा ८५ टक्के. माणसाच्या हृदयात हे प्रमाण जसेच्या तसे लागू होत नाही. काहींच्या हृदयात शेजारच्या रोहिणींकडून येणाऱ्या बारीक पर्यायी वाहिन्या असतात व त्यांना थोडी अधिक उसंत मिळते. काहींची गुठळी अधूनमधून किंचित सुटते आणि पुन्हा घट्ट होते. तरीही या आकड्यांतून दिसणारी गोष्ट माणसातही खरी ठरली आहे : नुकसानीचा मोठा वाटा आरंभीच्या काळात होतो. म्हणून पहिल्या तासात वाचवलेला अर्धा तास आणि सहाव्या तासात वाचवलेला अर्धा तास यांचे मोल सारखे नसते.

मृत स्नायूच्या जागी काही आठवड्यांत व्रण तयार होतो. व्रण आकुंचन पावत नाही. तो मोठा असेल तर उरलेल्या स्नायूवर भार पडून हृदय हळूहळू फुगते व अकार्यक्षम होते. झटक्यातून वाचलेला रुग्ण पुढील आयुष्य जिना चढत घालवणार की दोन उशांना टेकून, हे बऱ्याच अंशी त्या पहिल्या काही तासांत ठरलेले असते.

उपचारांचा इतिहास

शिकागो येथील जेम्स हेरिक यांनी १९१२ साली हृद्‌रोहिणीत गुठळी होणे म्हणजे तत्काळ मृत्यूच असे नाही, रुग्ण त्यातून वाचूही शकतो, हे मांडले. तेव्हा आणि त्यानंतरही अनेक दशके उपचार म्हणजे वेदनाशामक मॉर्फिन आणि सक्तीची विश्रांती एवढेच होते. रुग्णास कित्येक आठवडे अंथरुणावरून उठू देत नसत. १९५२ मध्ये अमेरिकेतील सॅम्युएल लेव्हाइन व बर्नार्ड लाउन यांनी रुग्णास लवकर आरामखुर्चीत बसवावे असे सुचवले, तेव्हा ते धाडसाचे वाटले होते.

पहिला मोठा बदल घडला तो हृदयाच्या लयीतील बिघाडाकडे लक्ष गेल्यावर. झटक्याच्या सुरुवातीस होणारे अनेक मृत्यू स्नायू दुबळा झाल्याने होत नाहीत. निलये आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरू लागतात आणि रक्ताभिसरण थांबते. डिफिब्रिलेटर या यंत्राने छातीवर विजेचा धक्का दिल्यास ही थरथर थांबवता येते, पण त्यासाठी यंत्र आणि जाणकार माणूस रुग्णाजवळ हवा. १९६१ मध्ये डेस्मंड ज्युलियन यांनी अशा रुग्णांना एकाच कक्षात अखंड देखरेखीखाली ठेवण्याची कल्पना मांडली आणि त्यातून हृद्‌रोग अतिदक्षता विभाग उभे राहिले.

फ्रँक पँट्रिज यांनी बेलफास्टमध्ये पुढचा प्रश्न विचारला. बहुतेक मृत्यू रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच होत असतील, तर रुग्णालयातील कक्ष कितीही सुसज्ज असून काय उपयोग? १९६६ मध्ये त्यांनी डॉक्टर व परिचारिकेसह रुग्णवाहिकाच रुग्णाच्या दारी पाठवण्यास प्रारंभ केला. त्यांचे मोटारीच्या बॅटरीवर चालणारे पहिले डिफिब्रिलेटर सुमारे ७० किलो वजनाचे होते. आज जगभर धावणाऱ्या सुसज्ज रुग्णवाहिकांचे मूळ या प्रयोगात आहे.

रोहिणी मोकळी करण्याचा विचार मात्र बराच काळ मागे राहिला. गुठळी हे झटक्याचे कारण आहे की परिणाम, यावरच तज्ज्ञांत एकमत नव्हते. १९८० मध्ये मार्कस डीवुड व सहकाऱ्यांनी ताज्या झटक्याच्या रुग्णांची अँजिओग्राफी करून हा वाद जवळजवळ संपवला. लक्षणे सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत तपासलेल्या रुग्णांपैकी ८७ टक्के रुग्णांची रोहिणी पूर्ण बंद होती. बारा ते चोवीस तासांनी तपासलेल्यांत हे प्रमाण ६५ टक्के होते. काही गुठळ्या कालांतराने आपोआप सुटतात, पण तोवर स्नायू वाचवण्याची वेळ निघून गेलेली असते.

यानंतर दोन मोठ्या चाचण्यांनी उपचाराची दिशा ठरवली. इटलीतील ‘गिसी’ चाचणीत सुमारे ११,८०० रुग्णांचा समावेश होता. गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज दिलेल्या गटात २१ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आले. ही घट वरवर पाहता माफक वाटते. पण पहिल्या तासात औषध मिळालेल्यांचा निराळा हिशेब केला असता मृत्यू जवळपास निम्म्याने घटलेले दिसले, तर सहा तासांनंतर औषध मिळालेल्यांत ठळक लाभ आढळला नाही. औषध तेच, मात्रा तीच. फरक फक्त घड्याळाचा होता. हे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८८ मधील ‘आयसिस-२’ या चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. तीत एकट्या अ‍ॅस्पिरिनने हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने पाच आठवड्यांत होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी, एकट्या स्ट्रेप्टोकायनेजने २५ टक्क्यांनी आणि दोन्ही मिळून ४२ टक्क्यांनी कमी झाले. डोकेदुखीसाठी घरोघर असणारी एक स्वस्त गोळी महागड्या इंजेक्शनच्या बरोबरीची ठरावी, हे त्या काळी अनेकांना अनपेक्षित होते.

१९९६ मध्ये अशा अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण झाले. पहिल्या तासात गुठळी विरघळवणारे औषध दिल्यास दर हजार रुग्णांमागे सुमारे ६५ अधिक जीव वाचतात, दुसऱ्या तासात दिल्यास ३७ आणि तिसऱ्या तासात दिल्यास २६, असे त्यात आढळले. ‘सुवर्ण तास’ हा शब्दप्रयोग हृदयविकाराच्या संदर्भात रूढ होण्यास या विश्लेषणाचा मोठा हातभार लागला.

लक्षणे आणि चुकणारा अंदाज

छातीच्या मध्यभागी जड वजन ठेवल्यासारखे, आवळल्यासारखे किंवा जळजळल्यासारखे वाटणे हे प्रमुख लक्षण होय. ही वेदना डाव्या किंवा दोन्ही हातांत, खांद्यात, मानेत, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात पसरते. तिच्यासोबत दरदरून घाम येणे, मळमळ, उलटी, धाप व विलक्षण अस्वस्थता ही लक्षणे दिसतात. सुईने टोचल्यासारखी, बोटाने नेमकी दाखवता येणारी आणि क्षणभर टिकणारी वेदना सहसा हृदयाची नसते. हृदयाचा रुग्ण बोटाऐवजी बहुधा अख्खा तळवा किंवा मूठ छातीवर ठेवून दाखवतो.

मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात हे चित्र अनेकदा अस्पष्ट असते. छातीत न दुखता केवळ धाप, थकवा, चक्कर किंवा उलट्या होतात. स्त्रियांच्या बाबतीत तर रुग्ण स्वतः, घरचे आणि कधी कधी डॉक्टरही हृदयविकाराचा संशय उशिरा घेतात.

मराठी घरांत या वेदनेचे पहिले निदान सहसा ‘पित्त’ किंवा ‘गॅस’ असे होते. हृदयाचा खालचा भाग पोटाला लागून असल्याने आणि उलटी, ढेकर ही लक्षणे दोन्हींत येत असल्याने हा गैरसमज अगदी निराधार नाही. परंतु त्यापुढे जे घडते ते घातक असते. आधी ओवा किंवा सोडा, मग पित्तशामक गोळी, मग छातीला बाम, मग ‘थोडा वेळ पाहू, नाही थांबले तर सकाळी जाऊ’. मध्यरात्री शेजाऱ्यांना उठवण्याचा संकोचही त्यात मिसळतो. वेदना कमी झाली म्हणजे धोका टळला असेही मानले जाते; ती मात्र स्नायू मृत झाल्यामुळेही ओसरलेली असू शकते. पंधरा-वीस मिनिटांपेक्षा अधिक काळ टिकणारी छातीतील वेदना, विशेषतः घामासह असल्यास, ईसीजी काढल्याशिवाय पित्ताची मानू नये.

ईसीजी ही काही मिनिटांत होणारी आणि स्वस्त तपासणी आहे. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी रुग्णालयात येताच दहा मिनिटांच्या आत काढावा असा संकेत आहे. पहिला आलेख निर्दोष असला तरी वेदना चालू असल्यास तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो. रक्तातील ट्रोपोनिन या प्रथिनाची तपासणी उपयुक्त असली तरी त्याचे प्रमाण वाढण्यास काही वेळ जावा लागतो. ईसीजीत झटका स्पष्ट दिसत असताना रक्ततपासणीच्या अहवालासाठी उपचार थांबवून ठेवणे योग्य नसते.

प्रत्येक झटका पूर्वसूचनेविना येतो असेही नाही. आधीच्या काही दिवसांत थोड्या श्रमाने किंवा विश्रांतीतही छातीत दाटून येणे, नेहमीपेक्षा कमी चालण्यावर दुखणे, वेदनेचे प्रमाण वाढत जाणे ही अस्थिर हृद्‌शूलाची चिन्हे आहेत. रोहिणी बंद होऊ पाहत आहे, अजून झालेली नाही, असा या अवस्थेचा अर्थ असतो. या टप्प्यावर रुग्णालय गाठलेल्या रुग्णाचा स्नायू बहुधा शाबूत राहतो.

रुग्णालय गाठेपर्यंत

संशय येताच रुग्णाला बसवावे किंवा टेकून आडवे करावे. त्याला चालवू नये, जिना उतरायला लावू नये. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत ९३७ रुग्णवाहिका होत्या आणि त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक उपकरणांनी सज्ज होत्या. रुग्णाने स्वतः वाहन चालवत जाणे टाळावे, कारण वाटेत लय बिघडली तर रुग्णासह इतरांच्याही जिवावर बेतते.

अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा चालू रक्तस्राव नसेल, तर सुमारे ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून घ्यावे असे सुचवले जाते. शक्यतो फोनवर डॉक्टरांना विचारून ते द्यावे. चावल्याने औषध लवकर शोषले जाते. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. ती रक्तदाब कमी करते, आणि काही झटक्यांत, विशेषतः उजव्या निलयाला बाधा झाली असता, तो आधीच घसरलेला असतो. जोरजोराने खोकल्याने झटका थांबतो असा संदेश समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरतो; घरी एकट्या असलेल्या रुग्णासाठी हा उपाय म्हणून कोणतीही मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था सुचवत नाही, आणि त्यात मोलाची मिनिटे जातात.

रुग्ण बेशुद्ध पडून त्याचा श्वास थांबला किंवा तो केवळ आचके देऊ लागला, तर हृदय थांबले असे समजून ताबडतोब सीपीआर सुरू करावा. छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा. सीपीआर व विजेचा धक्का यांपैकी काहीच मिळाले नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. दहा मिनिटांनी येणाऱ्या रुग्णवाहिकेची नुसती वाट पाहण्याचा परिणाम काय होतो, हे यावरून कळते.

इंजेक्शन की अँजिओप्लास्टी

बंद रोहिणी मोकळी करण्याचे दोन मार्ग आहेत. अँजिओप्लास्टीत मनगटातील किंवा जांघेतील रोहिणीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन फुगा फुगवतात आणि त्या जागी स्टेंट ही धातूची जाळी बसवतात. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७७ मध्ये झुरिक येथे हृद्‌रोहिणीवर ही क्रिया प्रथम केली. पुढे ती झटका चालू असतानाच केली जाऊ लागली. ती वेळेत आणि अनुभवी हातांनी झाल्यास इंजेक्शनपेक्षा सरस ठरते : रोहिणी अधिक खात्रीने मोकळी होते आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका कमी असतो.

‘वेळेत’ हा शब्द येथे कळीचा आहे. अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या रुग्णालयात रुग्ण आल्यापासून ९० मिनिटांच्या आत रोहिणी मोकळी व्हावी, आणि दुसरीकडे हलवायचे असल्यास एकूण विलंब १२० मिनिटांपेक्षा अधिक नसावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. हे शक्य नसेल तर रुग्ण ज्या ठिकाणी आहे तेथेच, निदानानंतर अर्ध्या तासाच्या आत, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देऊन मग त्याला मोठ्या केंद्रात पाठवणे हितकारक असते. टेनेक्टेप्लेज हे औषध शिरेतून एकाच वेळी, काही सेकंदांत देता येते. स्ट्रेप्टोकायनेज अर्धा ते एक तास सलाइनमधून द्यावे लागते, पण ते स्वस्त आहे. मेंदूत पूर्वी रक्तस्राव झालेला असणे, नुकताच पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झालेली असणे, महारोहिणीचे अस्तर फाटल्याची शंका असणे अशा स्थितींत ही औषधे देत नाहीत.

गडचिरोली, मेळघाट किंवा कोकणातील आडवळणाच्या गावांच्या दृष्टीने हा पर्याय दुय्यम मानणे चूक ठरेल. मोठ्या शहरातील ‘चांगल्या’ रुग्णालयाच्या ओढीने तालुक्याचे रुग्णालय ओलांडून चार तास प्रवास करणारा रुग्ण उत्तम उपचाराच्या शोधात चांगल्या उपचाराची वेळ गमावतो.

विलंब कोठे होतो

भारतात हा प्रश्न अधिक तीव्र आहे, कारण येथे झटका तुलनेने तरुण वयात येतो. ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातील रुग्णांचे पहिल्या झटक्याचे सरासरी वय ५३ वर्षे आढळले. इतरत्र ते सुमारे ५९ होते. घरातील कमावती व्यक्ती खाटेला खिळण्याचा अर्थ येथे निराळा सांगायला नको.

भारतातील ८९ रुग्णालयांत २००१ ते २००५ या काळात २०,४६८ रुग्णांची नोंद घेणारा ‘क्रिएट’ हा अभ्यास २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यमान कालावधी ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास होता. रुग्णालयात आल्यावर इंजेक्शन सुरू होईपर्यंत मध्यमान ५० मिनिटे लागत. म्हणजे बहुतेक वेळ गेला तो रुग्णालयाच्या दाराबाहेर : घरात, ईसीजीची सोय नसलेल्या दवाखान्यात, वाहन शोधण्यात आणि एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे पाठवले जाण्यात.

याच अभ्यासात गरीब रुग्णांत तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ८.२ टक्के, तर श्रीमंतांत ५.५ टक्के आढळले. मिळालेल्या उपचारांतील फरक हिशेबात घेतल्यावर ही तफावत नाहीशी झाली. गरिबांचे हृदय अधिक दुबळे असते असे त्यातून दिसले नाही; त्यांना उपचार कमी मिळतात एवढेच दिसले. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे. तरी रात्री दोन वाजता पैशांची जुळवाजुळव, कागदपत्रे आणि संमती यांत जाणारा वेळ हा आजही उपचारातील विलंबाचाच भाग असतो.

यावर उपाय म्हणून तमिळनाडूत लहान रुग्णालये, रुग्णवाहिका आणि अँजिओप्लास्टीची केंद्रे यांना एका जाळ्यात गुंफण्याचा प्रयोग झाला. लहान केंद्रात काढलेला ईसीजी मोठ्या केंद्रातील तज्ज्ञाला तत्काळ दिसतो, तेथेच इंजेक्शनचा निर्णय होतो आणि नंतर रुग्ण हलवला जातो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार २,४२० रुग्णांच्या या अभ्यासात एका वर्षातील मृत्यूचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. नवे औषध किंवा नवे यंत्र यात नव्हते. गोव्यातही गोवा वैद्यकीय महाविद्यालयाला केंद्रस्थानी ठेवून याच धर्तीवर व्यवस्था उभारण्यात आली आहे.

उशिरा आलेला रुग्ण

२०२० च्या टाळेबंदीत अनेक देशांप्रमाणे भारतातही झटक्यासाठी दाखल होणाऱ्यांची संख्या घटली. झटके कमी झाले असण्यापेक्षा रुग्ण संसर्गाच्या भीतीने व वाहनाअभावी घरीच थांबले, हे कारण अधिक संभवते. एरवी क्वचित दिसू लागलेल्या गुंतागुंती त्या काळात डॉक्टरांना पुन्हा आढळल्या : दोन निलयांमधील पडदा फाटणे, झडपेला आधार देणारा स्नायू तुटणे, हृदयाची भिंतच फुटणे. मृत झालेला स्नायू मऊ पडल्यावर, साधारणतः पहिल्या आठवड्यात, हे प्रकार घडतात आणि शस्त्रक्रिया करूनही त्यांत मृत्यूचे प्रमाण मोठे असते.

बारा तास उलटून गेले म्हणून रुग्णालयात जाण्यात अर्थ उरला नाही, असे मात्र नाही. वेदना चालू असेल, रक्तदाब घसरत असेल किंवा लय बिघडत असेल, तर त्यानंतरही रोहिणी मोकळी केली जाते. बीटा-अवरोधके, एसीई-अवरोधके आणि कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन ही औषधे हृदयाचे फुगणे व पुढचा झटका टाळण्यास मदत करतात. धोक्यात असूनही न मेलेला, केवळ बधिर झालेला स्नायू काही आठवड्यांत पुन्हा काम करू लागतो; म्हणून हृदयाच्या कार्यक्षमतेचा अंतिम अंदाज झटक्याच्या दुसऱ्या दिवशीच्या सोनोग्राफीवरून न बांधता सुमारे सहा आठवड्यांनी ती तपासणी पुन्हा करून घेतात.